सबवूफर, घरगुती

ध्वनिपुनरुत्पादक संचातील सर्वांत नीच कंप्रतेचे, म्हणजे सु. २० ते १०० हर्ट्‌झ (दर सेकंदास होणारी कंपने) या पट्ट्यातील ध्वनी निर्माण करण्यासाठी स्वतंत्र पेटीत बसविलेला ध्वनिक्षेपक. नेहमीच्या ध्वनिक्षेपकातील मोठ्या शंकूच्या घटकास कुत्र्याच्या खोल भुंकण्यावरून ‘वूफर’ असे नाव पडले. त्याच्याही खालचा पट्टा सांभाळणारा तो सबवूफर. पेटीतच विवर्धक व छानक मंडल बसविलेले असल्यास त्यास शक्तियुक्त सबवूफर म्हणतात. घरगुती वापरातील बहुतेक सबवूफर याच प्रकारचे असतात. ज्याच्या पेटीची कोणतीही बाजू सु. ३५ सेंमी.पेक्षा जास्त नाही, अशा सुटसुटीत शक्तियुक्त सबवूफराची निवड हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. ही निवड पेटीवरील आकड्यांवरून करण्याची रीत आहे. वस्तुतः ती ऐकावयाचे संगीत आणि ज्या खोलीत ते ऐकावयाचे ती खोली, या दोहोंवरून करावी लागते.

ग्रामीण महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीस ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेशी त्या भिंतीचा काही संबंध नाही, आणि घरगुती सबवूफराचा तर त्या भिंतीशी त्याहूनही कमी आहे. मोकळ्या रस्त्यावर शेकडो लोकांपर्यंत आवाज पोहोचविणे हे एक काम, तर बंद खोलीत दोन-तीन मीटरांवर बसलेल्या श्रोत्यास डग्ग्याचा घुमार जसाच्या तसा ऐकविणे हे वेगळे.

संगीतातील मंद्र ध्वनी : कोणत्या कंप्रतेपर्यंत खाली जाण्याची गरज आहे, हे प्रथम ठरवावे लागते. पाश्चात्त्य पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७·५ हर्ट्‌झचा व डबल बास या तंतुवाद्याची सर्वांत खालची तार सु. ४१ हर्ट्‌झची असते. हिंदुस्थानी संगीतात इतके खाली सहसा कोणी जात नाही. काळी एक हा स्वर धरून गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सु. १३९ हर्ट्‌झचा असून त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सु. ६९ हर्ट्‌झची असते. त्यातही जवारीमुळे तंबोऱ्याची बरीचशी ऊर्जा वरच्या स्वरकांत वाटली जाते. तबल्याच्या जोडीतील डग्ग्याचा मूलस्वर सामान्यतः १०० हर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याहून काहीसा खाली असतो आणि मनगटाच्या दाबाने तो वर सरकविता येतो. पखवाजाच्या धुम्यावर कणीक लावतात तीही त्या तोंडाचा स्वर खाली आणण्यासाठीच. भारतीय चर्मवाद्यांच्या स्वरकांचा भौतिकीय अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. शाईच्या भारामुळे या वाद्यांचे स्वरक एकमेकांशी सुसंवादी होतात, असे त्यांनी दाखवून दिले.

यावरून ख्यालगायन, नाट्यसंगीत, भजन व भावगीत ऐकणाऱ्या घरात सु. ४० हर्ट्‌झपर्यंत स्वच्छ उतरणारा सबवूफर पुरेसा ठरतो, हे स्पष्ट होते. तो सुटसुटीत आकारात सहज मिळतो. चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. अर्थक्वेक (१९७४) या अमेरिकन चित्रपटासाठी चित्रपटगृहांत मोठाले मंद्र ध्वनिक्षेपक बसवून प्रेक्षकांना भूकंपाचा हादरा अनुभवण्यास दिला गेला. १९९२ पासून चित्रपटांत प्रचारात आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत १२० हर्ट्‌झपर्यंतच्या गडगडाटी ध्वनींसाठी एक स्वतंत्र मार्गच राखून ठेवलेला असतो (५·१ या संज्ञेतील ‘·१’ तो हाच). तो पूर्णपणे ऐकावयाचा तर २० ते ३० हर्ट्‌झ या पट्ट्यातही भरपूर दाब निर्माण करावा लागतो, आणि तेथे लहान पेटी अपुरी पडते. उलट, १९२५ पूर्वीच्या, भोंग्यापुढे गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत मंद्र ध्वनी जवळजवळ उतरलेलाच नाही, आणि त्यानंतरच्या विद्युतीय पद्धतीच्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकांतही सु. १०० हर्ट्‌झच्या खाली फारसे काही हाती लागत नाही. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) किंवा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या जुन्या मुद्रिका ऐकणाऱ्यास सबवूफरामुळे मिळते ती केवळ तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर. अशा श्रोत्याने तो न घेणेच उत्तम.

श्रवणाचे वैशिष्ट्य : मानवी कान नीच कंप्रतेच्या बाबतीत फारच मंद आहे. १,००० हर्ट्‌झचा ध्वनी जेमतेम २ ते ३ डेसिबेल पातळीवर ऐकू येऊ लागतो. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीस त्यासाठी सु. ४४ डेसिबेल व २० हर्ट्‌झच्या ध्वनीस सु. ७८ डेसिबेल पातळी लागते. एच्. फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये समश्राव्यतेचे वक्र प्रसिद्ध केले, त्यांतून ही गोष्ट प्रथम नीटपणे पुढे आली. या वक्रांचा दुसरा गुणधर्म निवडीच्या व जुळणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. नीच कंप्रतांकडे ते एकमेकांच्या जवळ येतात. ५० हर्ट्‌झचा ध्वनी ७८ डेसिबेलांवरून ९० वर नेला, तर ही १२ डेसिबेलांची वाढ कानास १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीतील २० डेसिबेलांच्या वाढीएवढी भासते. सबवूफराची कळ किंचित फिरविताच सारे गाणे घुमू लागते याचे कारण हेच.

रचना व लहान पेटीची मर्यादा : चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह सोडून शंकू हालविण्याचे तत्त्व सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रूपात मांडले, त्याच रूपात ते आजही वापरात आहे. शंकूच्या पाठीमागील ध्वनी पुढील ध्वनीस मारक ठरू नये म्हणून पेटी लागते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. ए. एल्. थुरास यांनी १९३० च्या सुमारास योजिलेल्या प्रकारात पेटीस एक नळी असते व तिच्यातील हवेचे अनुस्पंदन शंकूच्या साहाय्यास येते. ई. व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटी योजली. तीतील कोंडलेली हवाच शंकूस स्प्रिंगेप्रमाणे मागे खेचते. लहान पेटीतून सखोल ध्वनी निघू शकतो हे त्यांनी सिद्ध केले, आणि सुटसुटीत सबवूफराची वंशावळ येथूनच सुरू होते. पुढे ए. एन्. थीले (१९६१) व आर्. एच्. स्मॉल (१९७२-७३) यांनी पेटी व शंकू यांचे गणित बसवून दिल्यामुळे पूर्वीची अंदाजपंचे सुतारकी संपली.

या गणितातून निघणारा एक नियम जे. ए. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता ही पेटीच्या घनफळाच्या आणि तो ज्या सीमेपर्यंत खाली उतरतो त्या कंप्रतेच्या घनाच्या सम प्रमाणात असते. म्हणजे तेवढ्याच खोलीचा आवाज निम्म्या पेटीतून काढावयाचा तर दुप्पट शक्ती लागते, आणि त्याच पेटीतून एक सप्तक खाली उतरावयाचे तर आठपट. लहान पेटी, खोल ध्वनी व थोडी वीज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच मिळू शकतात. सुटसुटीत सबवूफर विजेचा त्याग करतो. पूर्वीच्या विवर्धकांत निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जात असे, त्यामुळे हा सौदा परवडत नसे. सु. ९० टक्के कार्यक्षमतेचे ‘ड’ वर्गाचे स्विचन विवर्धक स्वस्त झाल्यावर तो परवडू लागला. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉब कार्व्हर यांनी १९९६ मध्ये बाजारात आणलेला सनफायर सबवूफर. त्याची प्रत्येक बाजू सु. २८ सेंमी. व विवर्धकाची जाहीर केलेली शक्ती २,७०० वॉट होती.

वीज कितीही ओतली तरी शंकूस हवा ढकलावी लागतेच. तेवढीच पातळी एक सप्तक खाली राखण्यासाठी चौपट हवा हालवावी लागते. २० सेंमी. व्यासाचा व मध्य स्थितीपासून दोन्ही बाजूंस ८ मिमी. सरकू शकणारा शंकू जमिनीवर ठेवलेल्या बंद पेटीत असेल, तर गणिताने तो १ मी. अंतरावर ६० हर्ट्‌झला सु. १०४ डेसिबेल देतो. ३० हर्ट्‌झला मात्र सु. ९२ डेसिबेलच. डग्ग्यासाठी पहिला आकडा भरपूर आहे, भूकंपासाठी दुसरा तोकडा. म्हणून २० सेंमी.च्या सबवूफराबद्दल ‘२० हर्ट्‌झपर्यंत’ असा दावा केलेला दिसल्यास तो कोणत्या पातळीवर, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. लहान पेटीत नळीचा प्रकार घेतल्यास नळी लांब व अरुंद करावी लागते आणि मोठ्या आवाजात तिच्यातून हवेची फुसफुस ऐकू येते. काही उत्पादक नळीऐवजी वेटोळे नसलेला दुसरा शंकू बसवून ही अडचण टाळतात.

खोलीचा परिणाम : खोलीतील हवा हेही एक वाद्यच आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होतात आणि त्यांतील सर्वांत खालच्या तरंगाची कंप्रता ध्वनिवेगास (सेकंदास सु. ३४५ मी.) भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागल्यास मिळते. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या ‘दहा बाय बारा’ फुटांच्या खोलीत लांबीमुळे सु. ४७ व रुंदीमुळे सु. ५७ हर्ट्‌झ हे तरंग उमटतात. छत दहा फुटांवर असेल तर उंचीमुळे पुन्हा ५७ हर्ट्‌झच येतात व त्या एका कंप्रतेवर खोली दुपटीने बोलू लागते. दहा फुटांची चौरस खोली याहून वाईट. मग गाणे कोणतेही असो, खालचा स्वर एकच ऐकू येतो. दोष सबवूफरास दिला जातो, असतो तो खोलीचा. भिंतींच्या लगत या तरंगांचा दाब सर्वाधिक व खोलीच्या मध्यभागी सर्वांत कमी असतो. मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर बसून ‘यात दम नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने खुर्ची हातभर मागे सरकवून पाहावी.

सर्वांत खालच्या स्थिर तरंगाच्याही खाली, म्हणजे वरील खोलीत सु. ४७ हर्ट्‌झच्या खाली, खोलीतील सर्व हवा एकदमच दाबली व सैल केली जाते. खोली घट्ट बंद असेल तर यामुळे ध्वनीस सप्तकामागे १२ डेसिबेलांपर्यंत वाढ मिळू शकते. बंद पेटीचा आवाजही सीमेखाली सप्तकामागे १२ डेसिबेलांनीच घटतो. एकाची तूट दुसऱ्याने भरून निघत असल्याने लहान, पक्क्या खोलीसाठी बंद पेटीचा लहान सबवूफर हीच योग्य निवड होय. नळीच्या पेटीची घट सप्तकामागे २४ डेसिबेल असते व खोलीचे साहाय्य तिच्या सीमेच्या वर मिळून आवाज फुगण्याची शक्यता असते.

प्रत्यक्षात खोली किती घट्ट आहे, हे बांधणीवर अवलंबून असते. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव प्रवरा कालव्यांच्या ऊसपट्ट्यात आहे. या भागातील अशा गावांत दगडमातीच्या जाड भिंतींची जुनी घरे, विटांच्या भिंतींवर पत्र्याचे छप्पर असलेली घरे आणि काँक्रीटची नवी घरे एकाच आळीत आढळतात, आणि सबवूफर या तिन्ही ठिकाणी निरनिराळा वागतो. काँक्रीटची छपाई, गिलावा केलेल्या विटांच्या भिंती व फरशी यांनी बंदिस्त झालेली खोली नीच कंप्रतांचे परावर्तन जवळजवळ पूर्णपणे करते. येथे २० सेंमी.चा शंकूही पुरतो, परंतु घुमण्याचा दोष तीव्र असतो. पत्रा हलका असल्याने त्यातून मंद्र ध्वनी सरळ बाहेर निघून जातो. खोलीचे साहाय्य मिळत नाही, म्हणून २५ सेंमी.चा शंकू व, जागा असेल तर, नळीची पेटी येथे अधिक उपयोगी पडते. पत्र्याच्या सैल खिळ्यांचा खडखडाट ही मात्र वेगळीच व्याधी आहे. जाड भिंतींच्या जुन्या माजघरात, विशेषतः छत लाकूडमातीचे असल्यास, ध्वनी बहुधा सर्वांत संयत लागतो. तिन्ही घरांत स्वयंपाकघरातील स्टीलची मांडणी व लोखंडी कपाट ही कोणत्या ना कोणत्या कंप्रतेवर साथ करतातच. त्यांच्या दारांना रबराचे तुकडे लावणे हा सबवूफर बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

जागा निश्चित करण्याची एक सोपी रीत आहे. सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, डग्ग्याची ठळक साथ असलेले परिचित ध्वनिमुद्रण लावावे आणि जमिनीलगत कान नेत भिंतीच्या कडेने फिरावे. जेथे प्रत्येक आघात सुटा व सारख्या वजनाचा ऐकू येईल, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. ध्वनीचा मार्ग उलटा केला तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, सर्वांत चांगला होतोच असे नाही. दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याशी ठेवल्यास खोलीतील निरनिराळ्या आसनांवरील फरक पुष्कळ कमी होतो, असे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा एका मोठ्या पेटीइतक्या खर्चात दोन लहान मिळत असतील, तर दोन लहान घ्याव्यात.

संचाशी जुळणी : सु. ८० हर्ट्‌झखालील ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानास नीट उमगत नाही, कारण तेथे तरंगलांबी ४ मी.हून अधिक म्हणजे दोन कानांतील अंतराच्या कितीतरी पट असते. म्हणून मुख्य ध्वनिक्षेपक ८० हर्ट्‌झपर्यंत उतरणारे असतील, तर सबवूफर सोयीच्या ठिकाणी ठेवता येतो. मुख्य ध्वनिक्षेपक अगदी चिमुकले असल्यास सीमा १५० हर्ट्‌झच्या आसपास न्यावी लागते. मग पुरुष गायकाचा षड्जच सबवूफरातून येऊ लागतो आणि गायक कपाटामागे बसल्याचा भास होतो. अशा वेळी सबवूफर त्यांच्याजवळच असणे आवश्यक आहे. दोहोंच्या ध्वनींची कलाही जुळावी लागते. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीत १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे अर्धे आवर्तन होय. इतक्या विलंबाने एक ध्वनी दुसऱ्यास मारतो. बिनतारी जोडणीच्या सबवूफरात हा धोका अधिक. पेटीवरील कलेची कळ दोन्ही बाजूंस फिरवून ज्या स्थितीत मंद्र ध्वनी भरदार लागेल, ती योग्य समजावी. जुन्या स्टिरिओ विवर्धकास सबवूफरासाठी वेगळे निर्गम नसते, म्हणून ध्वनिक्षेपकाच्या तारांवरूनच संदेश घेण्याची सोय असलेला नमुना पाहून घ्यावा.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने त्यातील गुणगुण (५० व १०० हर्ट्‌झ) नेमकी सबवूफराच्या पट्ट्यात पडते. घरातील अर्थिंग सदोष असल्यास, किंवा दूरचित्रवाणीच्या केबलीतून दुसरे अर्थिंग संचात शिरल्यास ही गुणगुण अखंड ऐकू येते. त्यावर पिनेचा अर्थिंगचा दांडा काढून टाकण्याचा जो उपाय सर्रास केला जातो, तो प्राणावर बेतणारा आहे. सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घ्यावीत आणि केबलच्या मार्गात विलगक रोहित्र बसवावे. वीज गेल्यावर चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर सबवूफर चालविल्यासही असाच गुरगुराट होतो.

जाहिरातींतील आकड्यांपैकी ‘पीएमपीओ’ वॉट हा आकडा पूर्णपणे निरुपयोगी आहे; तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. कंप्रतामर्यादा दिली असली तरी ती किती डेसिबेलांच्या घटीवर मोजली हे सांगितले नसल्यास तीही व्यर्थ. अमेरिकेत २००६ मध्ये निघालेल्या सीईए-२०१० या मानकात २० ते ६३ हर्ट्‌झमधील ठराविक कंप्रतांवर, विकृती मर्यादेत ठेवून, सबवूफर जास्तीत जास्त किती ध्वनिदाब देऊ शकतो हे मोजतात. तो तक्ता उपलब्ध असल्यास इतर काही पाहण्याची गरज उरत नाही.

शेजार व कायदा : भिंतीची ध्वनिरोधकता कंप्रता निम्मी झाली की स्थूलमानाने ६ डेसिबेलांनी घटते. त्यामुळे शेजारच्या घरात गायकाचा आवाज पोहोचत नाही, डग्गा तेवढा पोहोचतो. काँक्रीटच्या सांगाड्यातून तो खालच्या-वरच्या मजल्यांवरही जातो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबेल (ए) ही मर्यादा असून खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलांहून अधिक वर जाता कामा नये. परंतु ‘ए’ हे भारमापन कानाच्या मंदपणाचे अनुकरण करून नीच कंप्रता वजा करते. ५० हर्ट्‌झला ही वजावट सु. ३० डेसिबेल असते. म्हणजे हद्दीवर ५० हर्ट्‌झचा ७५ डेसिबेलांचा घुमार असला, तरी मापकावर ४५ हाच आकडा दिसतो. नियम पाळला जातो. श्राव्यतेच्या उंबरठ्यापेक्षा ३० डेसिबेलांनी वर असलेला तो घुमार शेजाऱ्यास मात्र स्पष्ट ऐकू येत राहतो. आजाऱ्याच्या उशाशी किंवा परीक्षेचा अभ्यास चाललेल्या खोलीत तो कसा लागत असेल, हे मापक सांगत नाही. पेटीखाली जाड रबराचे वा फेसाचे पाय दिल्याने जमिनीतून जाणारी कंपने काही अंशी थांबतात, हवेतून जाणारी थांबत नाहीत. रात्री पातळी पुष्कळ उतरविणे, किंवा सबवूफर बंद करून मुख्य ध्वनिक्षेपकांवरच भागविणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. सामाईक भिंतीपासून सबवूफर दूर ठेवणेही हिताचे असते. सदनिकेत राहणाऱ्याने अधिक खोल उतरणाऱ्या नमुन्यापेक्षा पातळी दुरून कमीजास्त करता येणाऱ्या नमुन्यास प्राधान्य द्यावे.

निगा : शंकूच्या कडेची पट्टी फेसाची असल्यास दमट व उष्ण हवेत ती काही वर्षांत भुगा होऊन गळते, कोकणात हा अनुभव लवकर येतो. रबराची पट्टी पुष्कळ टिकते. नळीच्या पेटीत झुरळे, पाली व क्वचित उंदराची पिले शिरतात, म्हणून नळीच्या तोंडाशी विरळ जाळी लावतात. विवर्धकाची पत्र्याची पाठ तापत असल्याने ती भिंतीपासून निदान १० सेंमी. दूर असावी व तीवर कापडी आच्छादन घालू नये.